पहिलं सिझर, मुलगी नऊ महिन्यांची आणि पुन्हा दिवस गेलेले: अमळनेर तालुक्यातली एक केस

वय २३. पहिलं बाळंतपण सिझरचं, मुलगी नऊ महिन्यांची, अजून अंगावर पिते, आणि दिवस गेलेत का बघायच्या लघवीच्या यूपीटी किटवर दोन रेघा. डिसेंबरचा शेवट होता, कापसाची शेवटची वेचणी चालू होती आणि ही ताई शेतातून परस्पर उपकेंद्रात आली ती चक्कर येते, मळमळतं म्हणून. दिवस गेले असतील असं तिच्या डोक्यातही नव्हतं. मी किट दाखवलं तर म्हणते, "पाळी तं उनीच नही मॅडम, मंग कसं काय?"

मी एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्य सेविका आहे, अमळनेर तालुक्यात बोरी नदीकाठच्या गावांचं उपकेंद्र माझ्याकडे आहे. ताईला विचारून हे लिहितेय, नाव गाव देत नाही, ओळख पटेल असं एक-दोन ठिकाणी बदललंय. पूर्ण केस लिहायचं कारण असं की सिझरनंतर परत दिवस गेले की घरचे सगळे एकच विचारतात, आता नॉर्मल होईल का परत सिझर, आणि माझं म्हणणं आहे की हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. त्याचं अर्धं उत्तर पहिल्या सिझरनंतर दवाखान्यातून सुट्टी होते त्याच दिवशी ठरलेलं असतं. आणि सिझर काय आता क्वचित होणारी गोष्ट राहिली नाही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत (एनएफएचएस-५) महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सिझरची निघाली, म्हणजे चारात एक, आणि देशभरातल्या प्रायव्हेट दवाखान्यांत तर ४७.४ टक्के. त्यामुळे गर्भपिशवीवर आधीचा टाका असताना दुसऱ्यांदा दिवस जाणाऱ्या बाया आता प्रत्येक गावात आहेत.

आधी पाळीचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. अंगावर पाजतेय तोवर दिवस जात नाहीत असं आपल्याकडे आजीपासून सगळ्या सांगतात, आणि ते खोटं नाही पण अर्धंच आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, त्याला रात्रंदिवस फक्त आईचंच दूध चालू हवं, पाणीसुद्धा वरचं नाही, आणि पाळी परत आलेली नसावी, हे तिन्ही एकदम असेल तरच तो भरवसा धरायचा. हिची मुलगी सहाव्या महिन्यानंतर वरणाचं पाणी, भाताची पेज, केळं कुस्करून असं खायला लागली होती, शेतात जाताना तिला सासूजवळ ठेवून जायची म्हणजे दिवसाचं पाजणं जवळपास बंद. अशात बीज आधी सुटतं आणि पाळी त्याच्यानंतर दोन आठवड्यांनी यायची असते, त्या मधल्या वेळेत दिवस राहिले की पाळी दिसतच नाही. हिचं तेच झालं. सुट्टी होताना तिला टाक्याला पाणी लावू नको, जड उचलू नको, तूप खा, एवढं सांगितलं होतं, पाळणा लांबवण्याबद्दल एक शब्द नाही. मी तिला दोन-तीनदा विचारलं, नक्की कोणी काही नाही सांगितलं? नाहीच.

सोनोग्राफीत ११ आठवडे निघाले. बोटांवर हिशोब केला तर मुलगी सात महिन्यांची असताना दिवस राहिलेले, आणि पूर्ण दिवस भरले तरी दोन बाळंतपणांत साडेपंधरा महिने. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जिवंत बाळ झाल्यावर निदान २४ महिने तरी पुढचे दिवस राहू देऊ नका, हे सगळ्याच बायांसाठी. सिझर झालेल्या बाईसाठी ते जास्तच महत्त्वाचं, कारण बाहेरचा टाका दीड महिन्यात सुकलेला दिसतो पण पिशवीच्या आतल्या मांसाला मजबूत व्हायला खूप जास्त वेळ लागतो आणि तो टाका डोळ्याने दिसत नाही.

घरात दोन पक्ष झाले. सासूबाई म्हणाल्या, देवनी दिधेल शे, ठेवी ल्या, दोन्ही संगेच मोठे व्हतीन. तिची आई पारोळ्याहून फोनवर म्हणत होती की पोरीचं पोट आत्ताच फाडलंय, मेडिकलवरून गोळ्या आणून मोकळी हो. मधे ही, "आते मी कोनं आयकू?" मी दोघींना बसवून सांगितलं, आईला फोनवर. ठेवायचं का नाही ते ठरवायचा हक्क ताईचा आहे, आणि गर्भपात आपल्या देशात १९७१ च्या कायद्यापासून कायदेशीर आहे, २० आठवड्यांपर्यंत एका रजिस्टर्ड डॉक्टरच्या मताने, मान्यता असलेल्या ठिकाणी करता येतो. पण मेडिकलवरून परस्पर गोळ्या आणायच्या नाहीत म्हणजे नाहीत. एक तर त्या गोळ्या ९ आठवड्यांपर्यंतच आणि डॉक्टरच्या देखरेखीत घ्यायच्या असतात, हिचे ११ होऊन गेलेले, आणि दुसरं म्हणजे सिझर झालेल्या बाईत कधीकधी गर्भ त्या जुन्या टाक्याच्या जागीच रुजतो. साधारण दोन हजारात एखादीचं असं होतं, कमी आहे, पण त्यात सोनोग्राफी न करता गोळ्या घेतल्या तर रक्त थांबता थांबत नाही आणि आमच्या गावावरून ऑपरेशन होईल अशा ठिकाणी पोचेपर्यंत काय होईल ते सांगायला नको. म्हणून सिझरनंतरच्या प्रत्येक गरोदरपणात पहिली सोनोग्राफी लवकर, सहाव्या-सातव्या आठवड्यातच हवी. हिची उशिरा झाली पण गर्भ वर, योग्य जागी होता. नवरा-बायको दोघांनी ठरवलं, ठेवायचं. दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, हळूच विचारलं, सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळेल का. मी तिथेच सांगितलं की १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, विचारणाराही अडकतो, आणि परत हा विषय काढू नका. नाही काढला.

मग सुरू झाली कागदांची शोधाशोध, आणि या केसमधला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे. पहिलं सिझर का झालं, विचारलं तर घरात तीन उत्तरं. सासूबाई म्हणे पाणी कमी झालं होतं, दाजी म्हणे रस्ता लहान होता, ताई म्हणे बाळाने पोटात शी केली होती. आता या तीन कारणांचा पुढच्या बाळंतपणासाठी अर्थ एकदम वेगळा होतो. रस्ताच लहान असेल, कळा भरपूर येऊनही बाळ खाली सरकलंच नसेल, तर पुढच्या वेळी नॉर्मलची आशा कमी. बाळ पायाळू होतं किंवा ठोके कमी झाले असं काही असेल तर ते त्या बाळापुरतं, पुढच्या वेळी तसं होईलच असं नाही. आणि त्याहून मोठा प्रश्न, पिशवीवर काप कसा घेतला. पोटावरचा टाका आडवा आहे म्हणजे आतला पण आडवाच असं बाया धरून चालतात, तसं नसतं! बाहेरची कातडी एक आणि पिशवी दुसरी. पिशवीच्या खालच्या भागात आडवा काप असेल तर पुढच्या वेळी कळांमध्ये तो उघडायची भीती साधारण दोनशेत एक, आणि वरच्या भागात उभा काप असेल तर तीच शंभरात चार ते नऊ, अशा बाईला कळा येऊच द्यायच्या नसतात, तारीख अलीकडे घेऊन सिझरच करतात. हा फरक बाहेरून कुठलीच सिस्टर किंवा डॉक्टर सांगू शकत नाही, तो फक्त कागदावर असतो.

कागद म्हणजे डिस्चार्ज कार्ड, ते कपाटात साड्यांखाली घडी करून ठेवलेलं सापडलं, घडीवर फाटलेलं, आणि त्यावर 'एलएससीएस' आणि एक सही, कारणाच्या रकान्यात काहीच नाही. एलएससीएस म्हणजे खालच्या भागातला काप एवढं कळलं पण काप वाढवावा लागला होता का, टाके कसे घेतले, किती उशिराने निर्णय झाला, काहीच नाही. दाजींना म्हटलं त्या दवाखान्यात जा आणि इनडोअर पेपरची, म्हणजे भरती असतानाच्या कागदांची झेरॉक्स मागा. पहिल्यांदा काउंटरवरूनच परत पाठवलं, जुनं रेकॉर्ड मिळत नाही म्हणून. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात स्पष्ट आहे की पेशंटने किंवा त्याच्या माणसाने मागितलं तर ७२ तासांत रेकॉर्डची कॉपी द्यावी लागते आणि निदान तीन वर्षं ते जपून ठेवावं लागतं. तसं लिहून अर्ज तयार केला, ताईची सही घेतली, दाजी तो घेऊन गेले आणि मिळालं, भांडण वगैरे काही न करता मिळालं, आतल्या डॉक्टरांनी स्वतः काढून दिलं. हे मुद्दाम सांगते कारण बऱ्याच घरांत वाटतं की मागितलं तर डॉक्टर रागावतील.

ऑपरेशनच्या नोटमध्ये होतं: पिशवीचं तोंड ८ सेंटीमीटर उघडलेलं, पाण्यात बाळाची शी, ठोके कमी होत होते म्हणून तातडीने सिझर, खालच्या भागात आडवा काप, वाढवला नाही, दोन थरांत टाके. म्हणजे ताईचंच बरोबर होतं, आणि कागद म्हणून किती चांगला कागद हा! खालचा आडवा काप, कारण परत होईलच असं नाही, आठ सेंटीमीटरपर्यंत स्वतःच्या कळांनी पोचलेली बाई. सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या शंभर बायांत साधारण ६० ते ८० जणींचं नॉर्मल होतं आणि हिच्यासारखी बाई त्या चांगल्या बाजूला बसते. फक्त एक गोष्ट विरुद्ध, ते साडेपंधरा महिने. दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असलं की कळांमध्ये टाका उघडायची भीती दोन-तीन पटीने वाढते. मला हे वाचून फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. हिच्याकडे सगळं होतं, फक्त वेळ नव्हता, आणि तो वेळ एका तांबीने (कॉपर-टी) किंवा पाळणा लांबवणाऱ्या तीन महिन्यांच्या अंतरा इंजेक्शनने मिळाला असता, दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट.

आता मधले महिने. एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, ८.४. सात ते दहाच्या मधलं म्हणजे मध्यम ॲनिमिया, आणि सिझर झालेल्या बाईचं रक्त कमी असणं म्हणजे दुसऱ्या ऑपरेशनला उधारीवर उभं राहणं. पहिल्या बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात, हिने महिनाभरात सोडल्या, कारण गरम पडतात आणि बाळाला जुलाब होतात असं कोणीतरी सांगितलं. बाळाला त्याने काही होत नाही. आपल्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, नंदुरबार-धुळ्याकडे तर बराच, म्हणून ती तपासणी आधी केली, निगेटिव्ह आली. मग जंताची गोळी, आणि लोहाच्या गोळ्या जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर, चहा त्याच्या जवळपास नाही. चहाचंच अवघड गेलं, शेतातून आल्यावर चहा नको म्हणणं म्हणजे घरात भांडण. आशाताई, म्हणजे गावची आशा कार्यकर्ती, रोज संध्याकाळी त्या गल्लीतून जायची आणि गोळी घेतलेली बघूनच पुढे जायची. तरी महिन्यात हवं तितकं वाढलं नाही म्हणून ग्रामीण रुग्णालयात आयर्न सुक्रोजच्या, म्हणजे लोहाच्या सलाईन लावल्या. कळण्याची भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी हे चालूच होतं, पण एवढं कमी झालेलं रक्त नुसत्या खाण्याने वेळेत भरत नाही, हे सासूबाईंना पटायला रिपोर्ट दोनदा शेजारी शेजारी ठेवून दाखवावे लागले. ३४ आठवड्यांना १०.६ झालं.

फेब्रुवारीअखेर २० आठवड्यांची सोनोग्राफी झाली आणि तिथे माझी झोप उडाली. वार खाली होती आणि पुढच्या बाजूला, म्हणजे जुन्या टाक्याच्याच दिशेला. वार खाली असणं या आठवड्यात बऱ्याच जणींचं असतं, पिशवी वाढते तशी ती वर सरकते. पण सिझर झालेल्या बाईत ती शेवटपर्यंत पिशवीच्या तोंडावरच राहिली तर टाक्याच्या जागी आत रुतून बसायची भीती असते, मग बाळ निघाल्यावर वार सुटत नाही, रक्त बाटल्यांनी जातं आणि पिशवीच काढावी लागू शकते. वार तोंडावर असेल तर दुसऱ्या सिझरच्या वेळी असं रुतायची शक्यता ११ टक्के, तिसऱ्याला ४० टक्के. हे आकडे मी ताईला त्याच दिवशी सगळे सांगितले नाहीत, दाजींना सांगितले, कारण गाडी, रक्त देणारी माणसं हे त्यांनी जमवायचं होतं. ताईला एवढंच, की लाल डाग जरी दिसला तरी घरी थांबायचं नाही, दुखत नसलं तरी, १०८ ला फोन आणि मग मला. जड काम बंद, हंडा बंद, संबंध बंद. दर महिन्याच्या ९ तारखेला मातांच्या तपासणीचा जो दिवस असतो त्याला बाईडॉक्टरांनी कार्डावर जोखमीची माता म्हणून शिक्का मारला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला माहेरी जायचं होतं, पारोळ्याला, सगळ्या बहिणी येणार होत्या. पारा पंचेचाळिसला टेकलेला, बाई सात महिन्यांची पूर्ण, वार कुठंय ते अजून माहीत नाही. मला नाही म्हणवेना, बाईला वर्षात तेवढंच माहेर असतं. सकाळी लवकर गाडीने, फाइल बरोबर, पाण्याची बाटली आणि ओआरएस बरोबर, झोक्यावर बसायचं नाही. गेली आणि नीट परत आली. त्यानंतर ३२ आठवड्यांची सोनोग्राफी, वार वर सरकलेली, तोंडापासून चांगली लांब. त्या दिवशी घरी खीर केली होती, मलाही वाटीभर आली.

आता राहिला तोच प्रश्न, नॉर्मल का सिझर. धुळ्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला नेलं, कारण नॉर्मलचा प्रयत्न करायचा तरी तो अशाच ठिकाणी जिथे चोवीस तास ओटी (ऑपरेशन थिएटर), भूल देणारा डॉक्टर आणि रक्तपेढी आहे. टाका उघडला तर हातात मिनिटं असतात, आणि त्याचं पहिलं लक्षण बहुतेकदा बाईला कळतच नाही, बाळाचे ठोके घसरतात, म्हणून कळा चालू असताना ठोके सतत मशीनवर बघावे लागतात. आमच्या उपकेंद्रात ते होणं शक्य नाही, तालुक्याच्या छोट्या दवाखान्यातही अवघड. तिथल्या मॅडमनी ऑपरेशनची नोट दोनदा वाचली आणि ताईला अगदी सरळ सांगितलं: अंतर कमी आहे म्हणून नॉर्मलला बंदी नाही, पण भीती वाढलेली आहे, आणि कळा आपणहून नाही आल्या तर गोळ्या-इंजेक्शन देऊन आणायची जोखीम मी घेणार नाही. टाक्याची जाडी सोनोग्राफीत मोजतात पण अमुक मिलिमीटर म्हणजे निर्धास्त असा आकडा नाही. ठरवून सिझर केलं तर ३९ आठवडे झाल्यावर, आणि तिसऱ्यांदा दिवस राहिले तर त्या वेळी धोका अजून वाढलेला असेल हेही लक्षात घे. ताईने रात्रभर विचार केला. तिला नॉर्मल हवं होतं, घरी रांगणारी पोर आणि परत टाके, कोणाला नको वाटेल. दुसऱ्या दिवशी म्हणाली सिझर करा, पण तांबी तेव्हाच बसवा. हे तिचं तिने ठरवलं. नसबंदी करून टाका म्हणणारे पण होते घरात, तिने नको म्हटलं.

एक काम आम्ही केलं जे मी आता प्रत्येक अशा बाईला सांगते. ३७ आठवडे लागले तशी ती धुळ्यात मावशीकडे राहायला गेली, हॉस्पिटलपासून रिक्षाने पंधरा मिनिटं. गावात राहिली असती आणि रात्री दोनला कळा लागल्या असत्या तर गाडी मिळवण्यातच तास गेला असता. आणि झालंही तसंच, तारीख ३९ ची ठरलेली पण ३८ आठवडे आणि चार दिवसांना पहाटे कळा सुरू झाल्या. कळ गेली तरी टाक्याजवळ दुखत राहिलं, रक्त दिसलं, पोट एकदम कडक झालं किंवा येत्या कळा अचानक थांबल्या तर काय समजायचं ते मावशीलाही शिकवून ठेवलं होतं. तसलं काही झालं नाही, साध्या कळा होत्या, पण कोणी चहा करत बसलं नाही, सरळ निघाले.

उजाडायच्या आत सिझर झालं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की पिशवीचा खालचा भाग इतका पातळ झाला होता की पडद्याआडून बाळाचे केस दिसत होते. टाका आतून सुटायला लागलेला होता, वरचा पातळ थर तेवढा शिल्लक. कळा अजून काही तास चालल्या असत्या तर काय झालं असतं ते कोणी सांगू शकत नाही, कदाचित काही नाही, कदाचित खूप काही. मुलगी झाली, २ किलो ८०० ग्रॅम, लगेच रडली. रक्त द्यावं लागलं नाही, ते ८.४ चं १०.६ केलं होतं त्याची किंमत मला त्या दिवशी कळली. तांबी ओटीतच बसवली. ऑपरेशन, औषधं, आईचं जेवण आणि घरी सोडायला गाडी, जननी शिशु सुरक्षामध्ये सगळं फुकट, पहिल्या वेळी यासाठीच कापसावर उचल घ्यावी लागली होती. दुसरं बाळ मुलगी असली की मातृवंदना योजनेत ६००० रुपये मिळतात, तो फॉर्म आशाताईने भरून घेतला. सासूबाई पहिल्या दिवशी गप्प होत्या, हे लपवत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच बाळाला मांडीवर घेऊन शेकलं.

सुट्टीच्या दिवशी मी स्वतः तिथे होते आणि कागद तपासूनच निघालो: सिझर का केलं, काप कसा, टाका कसा सापडला, तांबी बसवल्याची तारीख, सगळं कार्डावर लिहून घेतलं, आणि पुढे कधी दिवस राहिलेच तर कळांची वाट न बघता ठरवून सिझर, हेही. सहा आठवड्यांनी तांबी तपासली, जागेवर आहे. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. फाइलमध्ये दोन्ही ऑपरेशनच्या नोटा आहेत आणि दाजींच्या मोबाइलमध्ये त्यांचे फोटो.

तिच्या जावेचं पण सिझरच झालंय, बाळ चार महिन्यांचं आहे. मागच्या आठवड्यात सासूबाई तिला घेऊन उपकेंद्रात आल्या. तिला तांबीची भीती वाटते, म्हणून बीपी आणि बाकीची माहिती तपासून अंतराचं पहिलं इंजेक्शन दिलं, पुढची तारीख तीन महिन्यांनी आहे.